सीबीबीज: संध्याकाळी सातला बंद होणारं चॅनल कसं घडलं?

सीबीबीज हे बीबीसीचं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं टीव्ही चॅनल. ब्रिटनमध्ये ते ११ फेब्रुवारी २००२ रोजी सुरू झालं. त्यावर जाहिराती नाहीत, बातम्या नाहीत, मोठ्यांची एकही मालिका नाही. सकाळी सहाला ते चालू होतं आणि संध्याकाळी सातला बंद. सात वाजल्यानंतर तो नंबर लावलात तर पडद्यावर पाटी दिसते, की चॅनल आता उद्या सकाळी सहाला. बाकी सगळी चॅनल्स चोवीस तास चालण्यासाठी धडपडत असताना हे एक चॅनल रोज वेळेवर झोपायला जातं, आणि गंमत म्हणजे यामागचं एक कारण अगदी तांत्रिक आहे.

घरात दोन-तीन वर्षांचं भाचरू किंवा पुतणी असेल, तर तुमच्या फोनचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. फोन हातात पडला की व्हिडिओवर व्हिडिओ चालू, आणि काढून घेतला की भोकाड. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो, तो कुणी निवडला हे कुणालाच माहीत नसतं. सीबीबीजची गोष्ट वाचताना हे डोक्यात ठेवा. कारण तिथे तोच प्रश्न होता: लहान मुलांसमोर काय लावायचं, कुणी ठरवायचं आणि थांबायचं कधी?

सहा ते सात, टीव्ही बंद

बीबीसीला लहान मुलांसाठी कार्यक्रम करायची सवय जुनी. १९५० मध्ये 'अँडी पँडी' नावाचा बाहुल्यांचा कार्यक्रम आला. पुढे असे कार्यक्रम 'वॉच विथ मदर' या नावाखाली दाखवले जाऊ लागले. नावातच गृहीतक आहे बघा: मूल टीव्हीसमोर एकटं बसणार नाही, आई शेजारी असेल. (वडील कुठे होते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.)

त्या काळात ब्रिटनमध्ये आणखी एक नियम होता, जो आज ऐकून खोटा वाटेल. संध्याकाळी सहा ते सात या वेळेत टीव्हीवर काहीही दाखवायचं नाही. पडदा रिकामा. का? तर आईबापांना लहान मुलांना सहज झोपवता यावं आणि मोठ्या मुलांना अभ्यासाला बसवता यावं म्हणून. या तासाला 'टॉडलर्स ट्रूस' म्हणायचे, म्हणजे चिमुकल्यांसाठीचा युद्धविराम. १९५५ मध्ये आयटीव्ही हे जाहिरातींवर चालणारं चॅनल आलं आणि त्यांचं गणित बिघडलं. रोजचा एक तास बंद म्हणजे रोजची तासाभराची कमाई बुडाली. त्यांनी तक्रार लावून धरली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये नियम गेला. हा नियम मोडला तो पैशामुळे, मुलांना काय हवं-नको याचा त्यात फारसा विचार नव्हता.

१९६४ मध्ये 'प्ले स्कूल' आलं. त्याच्या जन्माची गोष्ट भन्नाट आहे. बीबीसी टू हे नवं चॅनल २० एप्रिलच्या संध्याकाळी थाटात सुरू होणार होतं. नेमकी त्याच संध्याकाळी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात आग लागली, शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली आणि उद्घाटनाचा बोऱ्या वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठरल्याप्रमाणे 'प्ले स्कूल' लागलं. त्यामुळे बीबीसी टूचा पहिला नियोजित कार्यक्रम ठरण्याचा मान गेला तो बालवाडीच्या कार्यक्रमाला!

'प्ले स्कूल'मध्ये निवेदक थेट कॅमेऱ्यात बघून बोलायचे. 'मुलांनो' असं घोळक्याला उद्देशून नाही, समोर एकच मूल बसलंय असं धरून. मग वेगवेगळ्या आकारांच्या खिडक्या दाखवायच्या, आज कुठल्या खिडकीतून बघायचं ते मुलाने ओळखायचं, आणि त्या खिडकीतून कॅमेरा बाहेरच्या जगात जायचा. कुठे कारखाना, कुठे शेत. हा कार्यक्रम १९८८ पर्यंत चालला. सीबीबीजची बोलण्याची सगळी पद्धत इथून आलेली आहे.

मग १९९७ मध्ये आले 'टेलिटबीज'. पोटावर टीव्ही असलेले चार रंगीत गोलमटोल प्राणी, तुम्हीही कधीतरी पाहिले असतील. ॲन वुड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांची ही निर्मिती. मोठ्या माणसांना हा कार्यक्रम डोक्यात जायचा. बोबडं बोलणं, आणि एकच फिल्म लागोपाठ दोनदा! पण ते मुद्दाम केलं होतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा बघताना काय चाललंय ते पुरतं कळत नाही. दुसऱ्यांदा त्याला पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि ते तसंच झालं की त्याला आनंद होतो. तेच गोष्टीचं पुस्तक रात्री पाचव्यांदा वाचून दाखवलेल्या कुणालाही हे पटेल. अमेरिकेत निकलोडियनच्या 'ब्लूज क्लूज'ने तर एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचा प्रयोग केला, तोही याच कारणासाठी.

चॅनलला परवानगी लागली ती कशाला?

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये डिजिटल टीव्ही आला आणि चॅनल्सची संख्या एकदम वाढली. निकलोडियन, कार्टून नेटवर्क, डिस्ने, फॉक्स किड्स ही मंडळी हजर होतीच. १९९९ मध्ये शाळेआधीच्या मुलांसाठी निक ज्युनियर हे वेगळं चॅनलही आलं. बीबीसीकडे मुलांचे कार्यक्रम भरपूर, पण ते बीबीसी वन आणि टूवर सकाळ-दुपारच्या तुकड्यांत दाखवले जायचे. क्रिकेट किंवा विम्बल्डन आलं की मुलांचा कार्यक्रम पुढे-मागे.

बीबीसीचा मुख्य खर्च लायसन्स फीवर चालतो. टीव्ही असलेल्या प्रत्येक घराने वर्षाला ठरावीक रक्कम भरायची. २००२ मध्ये ती ११२ पौंड होती, एप्रिल २०२५ पासून १७४.५० पौंड झाली. लोकांच्या खिशातून पैसा येत असल्यामुळे बीबीसीला वाटलं आणि चॅनल काढलं असं करता येत नाही. तेव्हा सरकारची मंजुरी लागायची. सप्टेंबर २००१ मध्ये संस्कृती खात्याच्या मंत्री टेसा जॉवेल यांनी मुलांच्या दोन चॅनल्सना हिरवा कंदील दाखवला: सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सीबीबीज, त्यापुढच्यांसाठी सीबीबीसी. सोबत बीबीसी फोरलाही मंजुरी मिळाली. बीबीसी थ्रीचा प्रस्ताव मात्र त्या वेळी परत पाठवला गेला.

खासगी चॅनल्स वैतागली होती. बाजारात आधीच एवढी मुलांची चॅनल्स आहेत, मग लोकांच्या पैशांवर चालणारं फुकट चॅनल आमच्याशी स्पर्धा का करणार, असा त्यांचा सूर होता. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण पुढे काय झालं तेही बघायला हवं. मुलांच्या कार्यक्रमांत जंक फूडच्या जाहिरातींवर ऑफकॉम या नियामकाने २००७ च्या सुमारास बंधनं आणली. जाहिरातींचा तो मोठा ओघ आटण्याची चिन्हं दिसताच आयटीव्हीने २००६ मध्येच मुलांचे कार्यक्रम स्वतः बनवणारा आपला विभाग बंद करून टाकला. चिप्स आणि चॉकलेटच्या पैशांवर उभी असलेली बालवाडी चिप्सचा पैसा गेला की कोलमडते, हा त्यातला साधा हिशोब.

२००४ मध्ये प्राध्यापक पॅट्रिक बारवाइज यांनी बीबीसीच्या नव्या डिजिटल चॅनल्सचा सरकारसाठी आढावा घेतला. मोठ्यांच्या बीबीसी थ्री आणि फोरवर त्यांनी पैशांच्या मानाने प्रेक्षक कमी म्हणून टीका केली. मुलांच्या दोन्ही चॅनल्सचं मात्र भरभरून कौतुक केलं.

एकच जागा, दोन पाळ्या

आता त्या तांत्रिक कारणाकडे येऊ. तुमच्याकडे दोन पाळ्यांत चालणारी शाळा असेल ना? सकाळी प्राथमिक, दुपारी हायस्कूल. इमारत एक, बाकं तीच, पाटी फक्त बदलते. सीबीबीज आणि बीबीसी फोर यांचं नातं अगदी तसं आहे.

अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीत एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनल येत नाही. अनेक चॅनल्सचा डेटा एकत्र बांधून पाठवतात. त्या गाठोड्याला 'मल्टिप्लेक्स' म्हणतात (सिनेमाच्या मल्टिप्लेक्सशी संबंध नाही). ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या काळात एका मल्टिप्लेक्समधून सेकंदाला साधारण १८ ते २४ मेगाबिट एवढा डेटा जायचा. आजच्या फोरजी फोनला हे काहीच वाटणार नाही. पण तेवढ्यातच पाच-सहा चॅनल्स, काही रेडिओ सेवा आणि बाकीची माहिती बसवायची होती, तीसुद्धा एमपेग-२ या जुन्या आणि जागाखाऊ कम्प्रेशनमध्ये.

हॉस्टेलवर एकाच हॉटस्पॉटवर सहा जण लटकलेत अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या वाट्याला येणार किती? इथेही तेच. एका चॅनलला जास्त डेटा दिला की दुसऱ्याचं चित्र फुटतं. त्यावर उपाय म्हणून 'स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग' वापरतात. म्हणजे ज्या क्षणी एका चॅनलवर शांतपणे बोलणारा निवेदक आहे आणि दुसऱ्यावर फुटबॉल चालू आहे, त्या क्षणी निवेदकाचे बिट काढून फुटबॉलला द्यायचे. जागेची टंचाई किती होती याचा नमुना हवा असेल तर बीबीसी पार्लमेंट बघा. संसदेचं कामकाज दाखवणारं हे चॅनल अँटेनाच्या सेवेवर काही वर्षं पडद्याच्या फक्त पाव भागात दिसायचं. पूर्ण चित्राएवढी जागाच नव्हती. २००६ मध्ये ते पूर्ण पडद्यावर आलं.

अशा परिस्थितीत दोन नवी चॅनल्स पूर्णवेळ चालवायची म्हणजे चैन. मग तोडगा निघाला. तीन वर्षांचं मूल संध्याकाळी सातनंतर टीव्ही बघत नाही, निदान बघू नये. आणि माहितीपट, शास्त्रीय संगीत, परदेशी सिनेमे दाखवणाऱ्या बीबीसी फोरला सकाळी अकराला प्रेक्षक मिळणार नाहीत. म्हणून दिवसा ती जागा सीबीबीजची, सातनंतर फोरची. सीबीबीसीनेही अशीच जागा मोठ्यांच्या दुसऱ्या चॅनलशी वाटून घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये सीबीबीज एचडी आलं, तेव्हाही शेजारी तोच राहिला.

सात वाजता बंद होण्यामागे असा बिटांचा हिशोब होता. पण बीबीसीने त्या अडचणीचं सोनं केलं. शेवटचा तासच त्यांनी झोपेची तयारी करून देणारा बनवला.

दिवस मुलाच्या घड्याळाप्रमाणे

मोठ्यांच्या चॅनलवर वेळापत्रक प्रेक्षक आणि जाहिरात यांच्याभोवती फिरतं. इथे ते मुलाच्या दिनक्रमाभोवती फिरतं. सकाळी उठवणारे, हातपाय हलवायला लावणारे कार्यक्रम. मधल्या वेळात गाणी, आकडे, चित्रं, हातकाम. संध्याकाळी सहा वाजले की 'बेडटाइम अवर'. रंग मंद होतात, संगीत हळू होतं, निवेदक आवाज खाली आणतात. २००७ पासून या तासाचा मानकरी होता 'इन द नाइट गार्डन', पुन्हा त्याच ॲन वुड-डेव्हनपोर्ट जोडीचा. अभिनेते डेरेक जेकोबी यांचा संथ आवाज, आणि प्रत्येक भागात एकेक पात्र झोपी जातं. या १०० भागांमध्ये कथा म्हणून फारसं काही घडत नाही, आणि घडू नये हाच उद्देश आहे.

सातच्या आधी शेवटी येते 'बेडटाइम स्टोरी'. कुणीतरी खुर्चीत बसून पुस्तक उघडतं आणि कॅमेऱ्याकडे बघून पाच-सात मिनिटं गोष्ट वाचतं. ॲनिमेशन जवळजवळ नाही, बजेट लागत नाही, तरी चॅनलवरचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम हाच. हॉलिवूडचा टॉम हार्डी ३१ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी आपल्या कुत्र्याला घेऊन गोष्ट सांगायला बसला तेव्हा सोशल मीडियावर मुलांपेक्षा आयांचीच गर्दी जास्त होती. अंतराळवीर टिम पीक यांनी २०१६ मध्ये थेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून गोष्ट वाचली.

दोन कार्यक्रमांच्या मधली जागा हीसुद्धा विचार करण्यासारखी. मोठ्यांच्या चॅनलवर तिथे प्रोमो आणि जाहिराती असतात. सीबीबीजवर तिथे जिवंत माणसं असतात: 'आता काय बघितलं? आपणही करून बघू या का?' असं म्हणणारी. सुरुवातीच्या निवेदकांत पुई फॅन ली होत्या. टेलिटबीजमधल्या लाल 'पो'च्या पोशाखात त्याच होत्या! आईवडिलांनी घरी बनवून पाठवलेली वाढदिवसाची कार्डंही त्या काळात पडद्यावर दाखवली जायची.

आणखी एक गोष्ट पडद्यावर कधी दिसत नाही. ब्रिटनमध्ये कुठलाही कार्यक्रम प्रसारणाआधी झगमगाटाच्या तपासणीतून जातो. काही जणांना, विशेषतः मुलांना, वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने आकडी येऊ शकते. १९९७ मध्ये जपानात पोकेमॉनच्या एका भागामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यामुळे सेकंदाला तीनपेक्षा जास्त तीव्र झगमगाट चालत नाही, आणि सॉफ्टवेअर फ्रेम-फ्रेम तपासून तो पकडतं. यूट्यूबवर कुणीही टाकलेल्या बालगीताची अशी तपासणी आधी होत नाही.

पडद्यावर कोण दिसतं?

२००३ मध्ये 'समथिंग स्पेशल' सुरू झालं. शिकण्यात किंवा बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी. निवेदक जस्टिन फ्लेचर त्यात बोलता बोलता 'मकाटन'च्या खुणा करतात. मकाटन ही कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेहून वेगळी पद्धत. त्यात वाक्य नेहमीसारखं बोलायचं आणि त्यातल्या मुख्य शब्दांना हाताची खूण जोडायची. पाणी, आई, अजून, बास. ज्याला तोंडाने 'पाणी' म्हणता येत नाही त्याला हाताने म्हणता येतं. हा कार्यक्रम खास मुलांसाठी म्हणून काढला, पण सगळीच मुलं बघू लागली आणि कुठलीही अडचण नसलेली पोरंही खुणा करू लागली.

२०१८ मध्ये अभिनेते रॉब डेलेनी यांनी बेडटाइम स्टोरी संपूर्ण मकाटनमध्ये सांगितली. त्यांच्या लहान मुलाला मेंदूची गाठ झाली होती आणि गळ्यातल्या नळीमुळे त्याला बोलता येत नव्हतं. घरातले सगळे त्याच्याशी मकाटनमध्येच बोलायचे. गोष्ट प्रसारित झाली त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो मुलगा गेला होता.

२००९ मधला प्रसंग मात्र वेगळा. केरी बर्नेल या नव्या निवेदिका आल्या. त्यांचा एक हात जन्मतः कोपरापर्यंतच आहे. काही पालकांनी बीबीसीकडे तक्रारी केल्या, की मुलं घाबरतील, प्रश्न विचारतील. प्रश्न मुलं विचारणारच. तीन वर्षांचं मूल 'तिचा हात कुठाय?' असं विचारतं, उत्तर मिळालं की पुढच्या गाण्याकडे वळतं. अडचण होती ती उत्तर देणाऱ्या मोठ्यांची. बीबीसीने बर्नेल यांना काढलं नाही, आणि त्या पुढे कित्येक वर्षं चॅनलवर राहिल्या. २०२१ मध्ये डाउन सिंड्रोम असलेले जॉर्ज वेब्स्टर निवेदक म्हणून आले.

प्रेक्षक मोजायचे कसे?

इथे एक मजेदार घोळ आहे. ब्रिटनमध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी 'बार्ब' ही संस्था चार वर्षांपुढच्या माणसांचीच गणना करते. म्हणजे सीबीबीजचा खास प्रेक्षक, दीड-दोन-तीन वर्षांचा, मोजणीतच धरला जात नाही! आपल्याकडची 'बार्क' दोन वर्षांपुढच्यांना मोजते. जाहिरातींवर चालणाऱ्या चॅनलला जो प्रेक्षक आकड्यात दिसत नाही तो विकता येत नाही, आणि जो विकता येत नाही त्याच्यासाठी कार्यक्रम बनवायला पैसा मिळत नाही. लायसन्स फीमुळे सीबीबीजची यातून बरीचशी सुटका झाली.

२०११ मध्ये बीबीसीचा मुलांचा विभाग लंडनहून मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डला हलला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनमधलं जुनं ॲनालॉग प्रसारण पूर्ण थांबलं. घराघरांत डिजिटल पोहोचल्यामुळे बीबीसी वन आणि टूवरचे मुलांचे तुकडे त्याच हिवाळ्यात बंद झाले. आता मुलांसाठी त्यांची स्वतःची चॅनल्सच उरली.

भारतात आलं आणि गेलं

सीबीबीज २००७ मध्ये भारतातही आलं होतं, बीबीसीच्या व्यापारी शाखेमार्फत. इथे लायसन्स फी नाही, म्हणजे चॅनलने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. त्या काळात आपल्याकडे केबलवाल्याकडे जागा मिळवायला चॅनललाच पैसे मोजावे लागत. केबल ॲनालॉग, जागा कमी, चॅनल्स शेकडो, त्यामुळे 'कॅरेज फी'चे भाव चढलेले. सात वाजता झोपणाऱ्या पोरांच्या चॅनलला हे परवडणं अवघडच. २०१२ च्या अखेरीस सीबीबीज भारतातून गेलं.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 'सेसमी स्ट्रीट'चा भारतीय अवतार 'गली गली सिम सिम' २००६ मध्ये हिंदीत आला. पुण्यात १९८४ पासून चालणारी बालचित्रवाणी दूरदर्शनसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवायची. तिचा भर शाळकरी मुलांवर होता. २०१७ मध्ये तीही बंद झाली. तिथल्या कार्यक्रमांवर वाढलेली पिढी आज स्वतः आईबाप आहे.

चॅनल गेलं फोनमध्ये

बीबीसीने पुढची पावलं वेळेवर उचलली. २००७ च्या नाताळात आयप्लेअर, २०१३ मध्ये सीबीबीजचं खेळांचं 'प्लेटाइम' ॲप, २०१६ मध्ये मुलाचं वय टाकून वापरायचं आयप्लेअर किड्स. हवं तेव्हा हवं ते बघायची सोय झाली. पण सात वाजता बंद होण्याचा नियम ॲपला लागू नाही. ॲपला जागेची टंचाई नाही ना!

आणि खरी स्पर्धा आता निकलोडियनशी राहिलीच नव्हती. ती यूट्यूबशी होती. चेन्नईचं चूचू टीव्ही २०१३ मध्ये सुरू झालं आणि बघता बघता जगातल्या मोठ्या बालचॅनल्सपैकी एक बनलं. त्यात वाईट काही नाही. पण २०१७ मध्ये उघड झालं की ओळखीच्या कार्टून पात्रांच्या नावाखाली किळसवाणे, भीतिदायक व्हिडिओ मुलांपर्यंत पोहोचत होते, तेही पुढचा व्हिडिओ आपोआप सुचवण्याच्या यंत्रणेतूनच. सप्टेंबर २०१९ मध्ये, पालकांच्या संमतीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यानंतर 'मुलांसाठी बनवलेलं' अशी खूण सक्तीची झाली आणि अशा व्हिडिओंवर माणूस बघून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या. २०२१ मध्ये यूट्यूब किड्समध्ये ऑटोप्ले आधीपासून बंद ठेवायचं ठरलं.

भारतात आयप्लेअर चालत नाही, तो ब्रिटनपुरता आहे. 'नंबरब्लॉक्स'सारख्या काही मालिकांची अधिकृत यूट्यूब चॅनल्स मात्र इथेही दिसतात. आणि सीबीबीजने जे माणसं लावून केलं त्यातलं थोडंफार तुम्ही तुमच्या फोनवर करू शकता. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगमध्ये 'तुम्ही मंजूर केलेलंच दाखवा' असा पर्याय आहे. त्यात दहा-बारा चांगले व्हिडिओ निवडून ठेवा, बाकी सगळं गायब. कंटाळा येईल अशी काळजी करू नका. तेच तेच बघायला या वयात आवडतं, हे टेलिटबीजवाल्यांनी केव्हाच ओळखलं होतं. त्याच ॲपमध्ये टायमर आहे, वेळ संपली की ॲप स्वतः बंद होतं. पोरासाठी वाईट कोण ठरतं? ॲप, तुम्ही नाही. अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आणि आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस चालू केलं की मूल त्या ॲपच्या बाहेर पडू शकत नाही, म्हणजे तुमच्या बॉसला चुकून इमोजी जाणार नाहीत.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तर उत्तमच. इतकी लहान मुलं व्हिडिओपेक्षा समोरच्या जिवंत माणसाकडून जास्त शिकतात, असं संशोधनात वारंवार दिसलंय. 'वॉच विथ मदर'मधला शेजारी बसण्याचा भाग तेवढ्यापुरता अजून जुना झालेला नाही. फक्त तिथे मामा, मावशी, काका कुणीही चालेल.

मे २०२२ मध्ये बीबीसीने जाहीर केलं की येत्या काही वर्षांत सीबीबीसी आणि बीबीसी फोर ही चॅनल्स टीव्हीवरून हटवून फक्त ऑनलाइन ठेवायची. आठ-दहा वर्षांची मुलं आणि माहितीपट बघणारे मोठे आधीच इंटरनेटवर गेलेत असं त्यांचं म्हणणं. सीबीबीजचं नाव त्या यादीत नव्हतं. ठरल्याप्रमाणे झालं तर ज्या शेजाऱ्यासाठी ते रोज सातला जागा मोकळी करतं, तो शेजारीच राहणार नाही.